अंड्यापासून बेडकापर्यंत: गोव्यात आख्खा पावसाळा वीण कशी बघायची

मे महिना संपत आला की कोणी ना कोणी मला विचारतंच, न्यूट, म्हणजे पालीसारखे दिसणारे शेपटीवाले उभयचर, गोव्यात कुठे दिसतील, मुलांना दाखवायचेत, व्हिडिओत बघितलेत. खरं सांगायचं तर गोव्यात न्यूट नाहीत. भारतात ते फक्त हिमालयाच्या पूर्वेकडच्या भागात आणि ईशान्येत मिळतात, दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला तर त्यांच्यासाठी छोटंसं अभयारण्यच आहे. पण न्यूटचं जे आपल्याला आवडतं, म्हणजे पाण्यातलं अंडं, कल्ल्यांचं पिल्लू, मग पाय फुटून जमिनीवर येणं, ते सगळं आपल्या घरामागे दर पावसाळ्यात होत असतं, फक्त ते बेडूक करतात. आणि बेडकांच्या बाबतीत गोवा श्रीमंत आहे.

मी डिचोलीला राहते, मामाचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सत्तरीत आहे. गेली सहा वर्षं जूनपासून गणेश चवथीपर्यंत मी हेच करते. पहिल्या वर्षी मला कोणी सांगणारं नव्हतं आणि त्याची किंमत टॅडपोलांनी, म्हणजे बेडकाच्या पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांनी, मोजली, ते पुढे सांगतेच. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. आधी डोक्यात तीन गट पक्के करा

उभयचरांचे तीन गट. शेपटी नसलेले म्हणजे बेडूक आणि खरखरीत कातडीचे भेक, शेपटी असलेले म्हणजे न्यूट आणि सॅलॅमँडर, आणि पायच नसलेले म्हणजे देवगांडूळ. गोव्यात पहिला आणि तिसरा आहे, दुसरा नाही. त्यामुळे ओल्या भिंतीवर पालीसारखं काही दिसलं तर ती पालच आहे, किंवा सापसुरळी. खवले दिसले की विषय संपला, उभयचराला पालीसारखे खवले नसतात, ओलसर उघडी कातडी असते.

न्यूट आणि बेडूक यांच्या वाढीतला फरक माहीत असला की बघायला जास्त मजा येते. युरोपातल्या न्यूटची मादी एकेक अंडं घालते आणि मागच्या पायांनी पाण्यातल्या वनस्पतीचं पान दुमडून त्यात ते लपवते. पिल्लाला डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, ते पहिल्यापासून मांसाहारी, आणि त्याचे पुढचे पाय आधी येतात. बेडकाचं उलटं, अंडी ढिगाने, पिल्लू बहुतेक वेळा शेवाळ खरवडणारं, बाहेर दिसणारे कल्ले असले तरी थोडेच दिवस टिकतात, आणि मागचे पाय आधी दिसतात. न्यूट शेपटी आयुष्यभर ठेवतो, बेडूक ती अंगात जिरवतो.

२. जागा एकच निवडा, पण रोज जाता येईल अशी

नवीन माणूस पहिली चूक इथे करतो. चोर्ला घाट, म्हादई, नेत्रावळी अशी मोठी यादी काढतो, दोन शनिवार जातो, फोटो काढतो, आणि वीण म्हणजे काय ते त्याला कळतच नाही, कारण वीण एका दिवसात होत नाही. अंडी एका रात्रीत घातली जातात पण पुढचे पाच-सहा आठवडे त्या पाण्यात काय चाललंय ते रोज जाणाऱ्यालाच दिसतं. घरापासून दहा मिनिटांवरचं पाणी निवडा. घरामागची जुनी टाकी, कुळागरातला पाट, शेताच्या बांधाखालचा खड्डा, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, साचलेलं डबकं, काहीही चालेल. वाहता व्हाळ, म्हणजे ओढा, मात्र पहिल्या वर्षी नको, पाणी वाढतं, पाय घसरतो आणि अंडी शोधणंही कठीण.

दोन गोष्टी बघून घ्या. पाण्यात गप्पी मासे सोडलेत का, कारण डासांसाठी विहिरीत, टाकीत गप्पी सोडलेले असतात आणि ते अंडी, छोटे टॅडपोल दोन्ही खातात. दुसरं, काठावर झुडूप किंवा झाड पाण्यावर झुकलेलं आहे का. असेल तर झाडबेडकाचं फेसाचं घरटं, ज्यात तो अंडी घालतो, मिळायची शक्यता फार वाढते.

३. सामान

फार काही लागत नाही. गमबूट, ते गुडघ्यापर्यंतचेच घ्या, घोट्यापर्यंतचे उपयोगाचे नाहीत. रेनकोट, छत्री नको कारण हात अडकतो. डोक्याला लावायची बॅटरी आणि हातात दुसरी एक, पहिली नेमकी चिखलात बंद पडते. बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा, बेडूक कमी बिचकतात. पेन्सिल आणि वही, पेन नको, शाई पसरते. एक पट्टी. काचेचं किंवा स्वच्छ प्लास्टिकचं छोटं पारदर्शक भांडं. मोबाईल पाण्यापासून वाचवायला पिशवी. जळवांसाठी लांब मोजे, त्यात पँट खोचायची.

एक गोष्ट आणू नका, आणली असेल तर हाताला लावू नका, ती म्हणजे डास पळवायचं क्रीम. बेडूक कातडीतून पाणी पितो, कातडीतून श्वासही घेतो, तुमच्या हातावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं. क्रीम, साबण, सॅनिटायझर, सगळंच.

पायाला जखम असेल तर शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे पावसाळ्यात होतो, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा.

४. परवानगी आणि कायदा

स्वतःच्या किंवा नातेवाईकांच्या जागेत असाल तर तोंडी विचारलं की झालं, पण रात्री बॅटरी घेऊन फिरणार हे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. जूनच्या पहिल्या रात्री बॅटरी घेऊन फिरणारा माणूस म्हणजे बेडूक पकडणारा असं गावात वाटतं आणि ते वाटणं चुकीचं नाही. हॉटेलात जंपिंग चिकन म्हणून जे विकलं जायचं ते याच रात्री पकडलेले बेडूक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली हे बेडूक पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर भारताने १९८७ मध्येच बंद केली. कोणी पोत्यात भरताना दिसला तर अंगावर जाऊ नका, गाडीचा नंबर घ्या आणि वनखात्याच्या जवळच्या रेंज ऑफिसला कळवा.

अभयारण्यात जायचंच असेल तर वनखात्याची लेखी परवानगी, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, सोबत कोण कोण आहेत त्यांची नावं, हे तयार ठेवा. अर्ज मे महिन्यातच द्या. रात्रीचा प्रवेश असाच मिळत नाही आणि गेटवर हुज्जत घालून तर अजिबात नाही. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं अभयारण्याची गरजच नाही.

५. पहिल्या मोठ्या पावसाची रात्र

ही रात्र चुकवायची नाही. जूनचा पहिला आठवडा धरून चाला, पण कॅलेंडरपेक्षा पाऊस बघा. मे मधल्या गडगडाटी सरींवर काही जण ओरडतात, ते खरं नव्हे. दिवसभर धो धो पडून शेतात घोट्याएवढं पाणी साचलं की त्या रात्री मोठे बेडूक बाहेर येतात, तेच पिवळेधमक नर. एरवी हा बेडूक मातकट हिरवा असतो, विणीच्या वेळी नर लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या रंगाच्या पिशव्या फुगतात. लोक त्यांना विषारी म्हणतात, ते विषारी नाहीत, तो लग्नाचा रंग आहे आणि काही दिवसांत उतरतो.

पहिली पंधरा मिनिटं बॅटरी बंद करून नुसते उभे राहा. आवाज वेगळे करा. मोठ्या बेडकाचा खोल डराँव, लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज आला तर तो घरात येणारा झाडबेडूक, आणि कानात शिरणारी बारीक कर्कश टर्र ही करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या बेडकाची असू शकते, त्यावर विश्वास बसत नाही. ओरडतात ते नरच. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, ओळख नंतर घरी बसून करता येते.

मग जोड्या बघा. नर मादीच्या पाठीवर, पुढच्या पायांनी काखेत घट्ट मिठी. मादी अंडी सोडते तेव्हाच नर त्यांच्यावर बीज सोडतो, सगळं शरीराबाहेर. न्यूटमध्ये हे वेगळं, तिथे नर बीजाची छोटी पुडी तळाशी ठेवतो आणि मादी ती उचलून आत घेते. मिठीतली जोडी सोडवायला जाऊ नका. दोन बेडूक भांडतायत म्हणून काठीने वेगळे करणारी माणसं मी बघितलीत.

सापाची काळजी घ्या. बेडूक जिथे, तिथे साप येणारच. दिवड पाण्यात असते, ती बिनविषारी, पण नाग, मण्यार, फुरसं हेही याच दिवसात फिरतात आणि फेसाच्या घरट्याजवळच्या फांदीवर चापडा, हाही विषारी साप, शांत बसलेला असतो. फांदीला हात लावण्याआधी बॅटरी मारा, प्रत्येक वेळी. चावलाच तर १०८.

आणि गाडी हळू चालवा. त्या रात्री रस्त्यावर जे उड्या मारताना दिसतं त्यातल्या अनेकींच्या पोटात हजारो अंडी असतात.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी शोधा

रात्री अंडी दिसत नाहीत, सकाळी सहा-सातला जा. काळ्या मण्यांची माळ गवतात गुंतल्यासारखी दिसली तर ती भेकाची, त्या खरखरीत कातडीच्या. दुधावरच्या सायीसारखा एकेरी थर पाण्यावर तरंगतोय आणि त्यात बारीक ठिपके, ती छोट्या टर्र करणाऱ्यांची. उथळ पाण्यात विखुरलेली असतील तर मोठ्या बेडकाची असू शकतात. आणि पाण्याच्या वर पानावर, फांदीवर, टाकीच्या भिंतीवर पांढरा फेसाचा गोळा असेल तर तो झाडबेडकाचा.

फेसात एक फसगत आहे. गवताच्या काडीवर थुंकीसारखा बारीक फेस असतो, नखाएवढा, तो एका किड्याचा. बेडकाचा फेस मुठीएवढा, कधी त्याहून मोठा, आणि त्याच्या खाली पाणी हवंच. खाली पाणी नाही तर ते घरटं नाही.

टाकीच्या भिंतीवरचा फेस घाण म्हणून धुऊन टाकतात. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे मामीने पहिल्या वर्षी झाडूने काढला होता, आता तीच मला फोन करून सांगते, ये, घातलाय.

७. फेसाचं घरटं: हे रोज बघा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, तुम्हीही द्या. आपल्याकडचा हिरवा उडता बेडूक, राकोफोरस मलबारिकस, हाताच्या पंजाएवढा, बोटांमधला पडदा केशरी लाल. झाडावरून झेप घेऊन तो नऊ-दहा मीटर तरंगत जातो. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसते, अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागचे पाय घुसळत त्याचा फेस करते, ताक घुसळल्यासारखं, आणि त्यातच अंडी. शेवटी आजूबाजूची पानं ओढून त्यात गुंडाळते. कधी कधी एका मादीला दोन-तीन नर चिकटलेले असतात.

पहिल्या दिवशी फेस पांढरा शुभ्र. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेरून पिवळसर होऊन कडक पापुद्रा येतो, आत ओलावा तसाच. तो पापुद्रा फोडून बघू नका, तोच त्यांना उन्हापासून आणि मुंग्यांपासून वाचवतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खालची बाजू ओघळायला लागते, म्हणजे आत पिल्लं वळवळतायत.

मामाच्या तळीवर एका जांभळीच्या फांदीला असं घरटं होतं, मी सहाव्या रात्री तिथे बसले होते. नऊच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली, फेस खालून मऊ पडला आणि एक जाड थेंब लांबला. थेंबात काहीतरी वळलं. तुटला तेव्हा पाण्यावर टप् झालं, साध्या थेंबापेक्षा जड आवाज, आणि बॅटरीच्या उजेडात दिसलं की तो थेंब पोहत बाजूला गेला. मग दुसरा, मग तीन-चार एकदम. मी साठपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. मामा मागे येऊन उभा होता, जन्म त्या कुळागरात काढलेला माणूस, म्हणाला, "बाय, हे मी आज पहिल्यांदा बघितलं."

म्हणून सांगते, पाचव्या दिवसापासून पाऊस येणार असेल तर घरी बसू नका.

८. टॅडपोल घरी आणू नका

आता माझी चूक. पहिल्या वर्षी भेकाचे काळे टॅडपोल डबक्यातून बादलीत भरून आणले, तीसेक असतील. बादलीतलं पाणी घाण वाटलं म्हणून नळाचं पाणी घातलं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं हे माहीत होतं तरी डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे तळाला पांढरे पोट वर करून पडले होते. त्या दिवसापासून एकही घरी आणला नाही. क्लोरिन नसतं तरी गर्दीने, गरम झालेल्या पाण्याने, खायला घातलेला उकडलेला पालक जास्त झाल्याने मेले असतेच. शिवाय एका डबक्याचा रोग दुसरीकडे जातो तो आपल्यामुळेच, म्हणून दोन जागा बघत असाल तर मधे गमबूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा.

बघायचं असेल तर पारदर्शक भांडं त्याच पाण्यात बुडवा, एक-दोन आत येऊ द्या, दोन मिनिटं बाजूने बघा, फोटो घ्या, तिथेच सोडा. काय बघायचं? पोटाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली आतडी, शेवाळ खाणाऱ्यांची ती लांब असते. तोंडाची काळी चोच. अंगाच्या डाव्या बाजूला छोटं भोक, तिथून कल्ल्यांचं पाणी बाहेर जातं. छोट्या टर्र करणाऱ्यांची पिल्लं तर काचेसारखी पारदर्शक, पाण्याच्या मधे स्थिर तरंगत राहतात आणि पाणी गाळून खातात. मोठ्या बेडकाची पिल्लं मात्र इतरांना खातात, त्यामुळे आज शंभर आणि उद्या चाळीस दिसले तर कोणी चोरले नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप देतो तेव्हा उथळ डबकी आटतात. इथे जीव तुटतो. मी नैसर्गिक डबक्यात हात घालत नाही, सगळी अंडी एकाच डबक्यात का नसतात त्याचं उत्तर तेच आहे. पण अंगणातल्या टाकीचं पाणी कोणी सोडून देत असेल, फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकणार असेल, तर तिथे नक्की बोला, दोन आठवडे थांबा म्हणून सांगा. लोक थांबतात.

९. पाय फुटण्याचे दिवस

१९६० मध्ये गॉस्नर नावाच्या शास्त्रज्ञाने अंड्यापासून बेडकापर्यंतच्या वाढीचे ४६ टप्पे मांडले, अभ्यासक आजही तेच वापरतात. तुम्हाला सगळे नकोत. चारच लिहा: मागचे पाय कळीसारखे, मागचे पाय बोटांसकट, पुढचे पाय बाहेर, शेपटी संपली.

मागचे पाय हळूहळू वाढतात, आठवडे लागतात. पुढचे मात्र कातडीखाली आधीच तयार असतात आणि एका दिवसात बाहेर येतात, आधी कोपर दिसतं, सदऱ्याच्या बाहीत हात अडकल्यासारखं. त्याच दिवसांत चोच गळते, तोंड रुंद होतं, आतडी आखडते. या काळात तो काहीच खात नाही, शेपटीच जिरवून त्यावर जगतो. भेकाचं हे सगळं साधारण महिना-दीड महिन्यात, पाणी गार असेल तर जास्त.

इथे एक काम तुम्ही करू शकता आणि ते कराच. चार पाय आलेलं पिल्लू पाण्यात फार वेळ राहू शकत नाही, त्याला बाहेर पडायला उतार लागतो. टाकीच्या, बांधलेल्या विहिरीच्या भिंती सरळ असतात, तिथे ती दमून बुडतात. माडाचं एक चुडत, म्हणजे झावळी, तिरकं टाकून ठेवा, एक टोक पाण्यात, एक काठावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर रांगेत बसलेली दिसतील, शेपटीचा काळा ठिपका अजून तसाच.

१०. ज्यांना टॅडपोलच नसतो

काही झुडूपबेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. ओल्या पालापाचोळ्यात किंवा पानावर थोडीच पण मोठी अंडी, आणि काही आठवड्यांनी त्यातून थेट छोटा बेडूक बाहेर. पाण्यात शोधत बसलात तर कधीच मिळणार नाहीत.

आणि देवगांडूळ. कुळागरात खणताना जाड गांडुळासारखं, अंगावर वळ्या असलेलं काही निघालं की साप म्हणून फावड्याने तोडतात. त्याला जबडा आणि दात असतात पण तो माणसाला काही करत नाही. गोव्याच्या नावाचंही एक आहे, गेगेनिओफिस गोएन्सिस, २००७ मध्ये जगाला कळलं. इक्थिओफिस नावाच्या दुसऱ्या गटातली मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, ती फुटेपर्यंत. खणताना असं वेटोळं दिसलं तर माती परत तशीच हलक्या हाताने ओढा आणि बाजूला खणा.

११. वही आणि चवथ

रोज पाच गोष्टी लिहा: तारीख, वेळ, कालपासून पाऊस किती, पट्टीने मोजलेली पाण्याची खोली, काय दिसलं. नाव कळलं नाही तर वर्णन लिहा, चुकीचं नाव लिहू नका. गोव्यातूनच २०१५ मध्ये गोमंतकी आणि २०१८ मध्ये गोएमची अशा नावांनी शेतबेडकांच्या नव्या जाती नोंदल्या गेल्या, म्हणजे आपल्या पायाखालचं अजून पूर्ण मोजून झालेलं नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकणार असाल तर नेमकं ठिकाण झाकायची सोय आहे, ती वापरा.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात सगळीकडे साफसफाई सुरू होते, अंगणातलं गवत कापतात, टाक्या घासतात, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-पानांच्या सजावटीसाठी, रानातून फांद्या आणतात. नेमकी त्याच दिवसांत पिल्लं पाण्याबाहेर पडलेली असतात, आणि उशिरा घातलेली फेसाची घरटीही फांदीवर असू शकतात. फांदी तोडण्याआधी पानांच्या खाली बघायला सांगा. टाकी रिकामी करण्याआधी दोन दिवस चुडत टाकून ठेवा. आणि टाकीच्या कडेने हातभर रुंद गवताची पट्टी कापू नका, त्यात वाकून बघितलंत तर नखाएवढे भेक मुंग्या टिपत बसलेले दिसतील.